ड्रिबल नेमके संपते कधी?

बास्केटबॉलच्या सामन्यात बाकावरून ‘डबल, डबल!’ अशी ओरड उठते तेव्हा ओरडणाऱ्याने बहुधा एक चित्र पाहिलेले असते: चेंडू जमिनीवर आपटला, क्षणभर हाताशी थबकला, पुन्हा आपटला. पंचाने शिट्टी वाजवली नाही, म्हणजे त्याला ते दिसलेच नाही, असा निष्कर्षही लगेच निघतो. पण ड्रिबलचा नियम अशा चित्रावर चालत नाही. त्या क्षणी चेंडू खेळाडूच्या ताब्यात होता का, आणि असला तर ड्रिबल अजून चालू होते की संपले होते, एवढेच तो विचारतो. डबल ड्रिबल, कॅरी, हातून निसटलेला चेंडू आणि ट्रॅव्हलिंगसाठी, म्हणजे चेंडू धरून जादा पावले टाकण्याच्या गुन्ह्यासाठी, मोजायची पावले ही चार वेगळी प्रकरणे म्हणून शिकवली जातात. खरे तर ती एकाच प्रश्नाची चार रूपे आहेत. तो प्रश्न ओळखला की अवघड वाटणारे बहुतेक प्रसंग सुटतात, आणि जे सुटत नाहीत ते कुठे अडतात हेही कळते.

हा प्रश्न नियमात आला कसा, हे समजायला खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी 13 नियम लिहिले. त्यांत ड्रिबल नव्हतेच. तिसऱ्या नियमाने चेंडू घेऊन पळायला मनाई केली होती. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा, फक्त वेगात असलेल्याला थांबण्यापुरती सवलत. यामागे नेस्मिथ यांचा साधा विचार होता. चेंडू हातात घेऊन पळता आले की अडवणाऱ्याला अंगावर जाऊन पाडण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि बंदिस्त जागेत खेळायच्या खेळात त्यांना ती धक्काबुक्की नको होती. पण चहूबाजूंनी घेरलेल्या खेळाडूंनी वाट शोधली. चेंडू जमिनीवर टाकायचा आणि दोन पावलांवर पुन्हा उचलायचा. जमिनीवरचा चेंडू कोणाच्याच हातात नसतो, त्यामुळे नियम मोडला असे म्हणता येत नव्हते. 1897 च्या सुमारास येल विद्यापीठाच्या संघाने ही युक्ती पद्धतशीरपणे वापरली. पुढच्या दशकभरात नियम करणाऱ्यांनी तिला कुंपण घातले: दोन्ही हातांनी ड्रिबल करायला बंदी आली, काही काळ ड्रिबल करणाऱ्याला बास्केट करायलाही बंदी होती, आणि 1908-09 च्या महाविद्यालयीन नियमांत ही दुसरी बंदी उठवताना ड्रिबल म्हणजे चेंडूची अखंड वाटचाल अशी व्याख्या करून दुसऱ्यांदा ड्रिबल करणे बेकायदा ठरवले. कबड्डीत चढाई करणाऱ्याला समोरच्या अंगणात शिरायची मुभा असते ती दम चालू असेपर्यंत. दम तुटला की मुभा संपली. ड्रिबल करणाऱ्यालाही हवे तितके पळता येते, पण चेंडू दर वेळी हातातून सोडण्याची जोखीम पत्करून. ही जोखीमच अडवणाऱ्याची संधी असते. म्हणून खेळाडूने जोखीम घेणे थांबवले तो क्षण, म्हणजे ड्रिबल संपल्याचा क्षण, नियमाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

आज बहुतेक जगात, भारतातसुद्धा, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे, नियम चालतात. त्यातले 24 वे कलम ड्रिबलचे. ताबा असलेला खेळाडू चेंडू जमिनीवर फेकतो, टोलवतो, घरंगळत सोडतो किंवा आपटतो आणि दुसऱ्या कोणाचा स्पर्श होण्याआधी स्वतःच त्याला पुन्हा हात लावतो, तेव्हा ड्रिबल सुरू होते. संपते ते दोनच प्रकारे: दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका अथवा दोन्ही हातांत विसावला. या कलमात काय नाही तेही बघण्यासारखे आहे. चेंडू किती उंच उसळावा याला मर्यादा नाही, त्यामुळे डोक्यावर गेलेला चेंडू पाहून वाजलेली शिट्टी निराधार असते. चेंडू हाताला लागलेला नसताना किती पावले टाकावीत यालाही मर्यादा नाही. मोकळ्या मैदानात चेंडू लांब ढकलून पाच-सहा ढांगा टाकत त्याला गाठणे पूर्णपणे नियमात बसते. ड्रिबल करताना चेंडू स्वतःच्याच बुटाला लागून दूर गेला, तर धावत जाऊन तेच ड्रिबल पुढे चालू ठेवता येते, कारण संपण्याच्या दोन अटींपैकी एकही घडलेली नाही. पहिला टप्पा दोन्ही हातांनी आपटला तरी हरकत नाही; दोन हातांची बंदी लागते ती त्यापुढच्या स्पर्शापासून.

खरा कस लागतो तो चेंडू हातून निसटतो तेव्हा. फिबाच्या भाषेत हे फंबल: ताब्यातला चेंडू चुकून सुटणे आणि तो पुन्हा ताब्यात येणे. नियम सांगतो की ड्रिबलच्या सुरुवातीचे वा शेवटचे फंबल हे ड्रिबल नव्हे. या एका वाक्यातून दोन अगदी वेगळे निकाल निघतात आणि तिथेच गफलत होते. पहिला प्रसंग असा: खेळाडूकडे जोरात पास आला, त्याने तो धरला, पण पकड बसायच्या आत चेंडू सुटला, जमिनीवर दोनदा उसळला, त्याने तो उचलला आणि ड्रिबल करत निघाला. चित्रात चेंडू आपटला, उचलला, पुन्हा आपटला असे दिसते, म्हणून ओरड होते. पण आधीचे आपटणे ड्रिबल नव्हतेच, तेव्हा हे त्याचे पहिलेच ड्रिबल. दुसरा प्रसंग: खेळाडूने ड्रिबल संपवले, चेंडू दोन्ही हातांत धरला आणि वर उचलताना तो घामाने निसरड्या बोटांतून सुटला, एकदा उसळला, त्याने पुन्हा पकडला. इथे बरेच पंच लगेच डबल ड्रिबलची खूण करतात. तेही चूक. चुकून सुटलेला चेंडू उचलणे गुन्हा नाही. मात्र त्याने आता पुन्हा ड्रिबल सुरू केले तर गुन्हा घडतो, कारण ड्रिबल आधीच संपलेले होते आणि मधल्या काळात त्या चेंडूला दुसऱ्या कोणाचाही स्पर्श झालेला नाही. त्याने पास द्यावा किंवा चेंडू बास्केटकडे फेकावा. फंबलमुळे खेळाडूला शिक्षा होत नाही, पण बक्षीसही मिळत नाही, हे पक्के लक्षात ठेवले तर अर्धे वाद मैदानावरच मिटतील.

याच प्रसंगात एक बदल करून पाहू. ड्रिबल संपवलेल्या खेळाडूने पास देण्यासाठी चेंडू फेकला, पण ज्याच्यासाठी फेकला तो साथीदार उलट बाजूला वळला. चेंडू जमिनीवर पडला, आणि फेकणाऱ्यानेच धावत जाऊन तो उचलला. दृश्य जवळजवळ तेच: धरलेला चेंडू हातातून गेला, उसळला, त्याच माणसाकडे आला. निकाल मात्र उलटा, डबल ड्रिबल. कारण चेंडू निसटला नव्हता, तो सोडला होता. आणि स्वतः जमिनीवर फेकलेल्या चेंडूला दुसऱ्या कोणाच्याही आधी हात लावणे म्हणजे व्याख्येनुसार दुसरे ड्रिबल. इथे आक्षेप येतो की पंचाला खेळाडूच्या मनातले कसे कळणार? मनातले कळायची गरज नाही. पासच्या मागे हाताचा झोत असतो, मनगट वळलेले असते, नजर साथीदाराकडे असते. निसटलेल्या चेंडूला दिशा नसते आणि खेळाडूचे हात त्याच्यामागे दचकून जातात. दोन्हींत ताबा कसा गेला हे शरीरावर उमटते, आणि पंचाने तेच वाचायचे असते. फाऊलच्या बाबतीतही आपण हेच करतो. धक्का कुठून सुरू झाला हे अंगाच्या हालचालीवरून ठरवतो आणि त्याला मनकवडेपणा म्हणत नाही. शिवाय नियमाने हेतूवर फारसे अवलंबून राहायचे टाळलेलेच आहे. ज्याने अजून ड्रिबल केलेले नाही अशा खेळाडूने चेंडू पुढे जमिनीवर फेकला, तर तो पास होता की ड्रिबल, हे फेकणाऱ्याच्या इराद्यावर ठरत नाही. पुढचा हात कोणाचा लागला त्यावर ठरते. साथीदाराचा लागला तर पास, त्याचाच लागला तर ड्रिबल.

संपलेले ड्रिबल पुन्हा मिळते ते तीन कारणांनी ताबा सुटला तरच: बास्केटसाठी केलेली फेक, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श, किंवा दुसऱ्या खेळाडूला लागलेला पास वा फंबल. यातली खोच ‘ताबा सुटला’ या अटीत आहे. चेंडू घट्ट धरून उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातातल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याने नुसती थाप मारली आणि चेंडू हलला नाही, तर नवे ड्रिबल मिळत नाही. स्पर्श झाला, पण ताबा गेला नाही. बास्केटसाठीच्या फेकीत फिबा आणि अमेरिकेची एनबीए वेगळ्या वाटेने जातात. फेक कशालाच न लागता खाली आली आणि ती खरोखर बास्केटसाठीच होती असे पंचाला वाटले, तर फिबाच्या नियमात फेकणाराच ती झेलू शकतो आणि पुन्हा ड्रिबलही करू शकतो. एनबीएत रिंग, बोर्ड किंवा दुसरा खेळाडू यांपैकी कशालाही न लागलेल्या स्वतःच्या फेकीला पहिला हात लावता येत नाही. बोर्डावर मुद्दाम चेंडू मारून तो परत घेणे फिबाच्या सध्याच्या अर्थविवरणात ड्रिबल मानले जात नाही. पण आधी संपवलेले ड्रिबल त्यामुळे पुन्हा मिळत नाही.

आता कॅरी, म्हणजे सगळ्यात जास्त तापणारा विषय. 12 मार्च 1997 रोजी फिलाडेल्फियात ॲलन आयव्हर्सनने मायकल जॉर्डनला क्रॉसओव्हरने, म्हणजे ड्रिबल झटक्यात एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे वळवून, हुलकावणी देऊन बास्केट केली, आणि त्या वेळी त्याचा हात चेंडूखाली गेला होता का, यावर अजून वाद घातला जातो. एनबीएच्या नियमात हे स्पष्ट लिहिले आहे: ड्रिबल करणाऱ्याने हाताचा कोणताही भाग चेंडूखाली घालून तो एका जागेवरून दुसरीकडे नेऊ नये, किंवा थबकवून पुन्हा ड्रिबल करू नये. फिबात चेंडू हातात ‘विसावला’ एवढेच म्हटले आहे. कॅरीसाठी पंचाची खूण वेगळी असली तरी गुन्हा तोच, संपलेले ड्रिबल पुढे चालवण्याचा. म्हणजे हात खाली जाणे हा पुरावा आहे. पुढे ते विसावणे घडले की नाही हे ठरवावे लागते. आणि विसावणे म्हणजे केवळ वेग शून्य होणे असे मानता येणार नाही. वर उसळणारा कोणताही चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतोच. तो अर्थ घेतला तर प्रत्येक ड्रिबल कॅरी ठरेल. प्रश्न आधाराचा आहे. तळवा चेंडूच्या वर असेल तर तो चेंडूला फक्त खाली ढकलू शकतो, त्याचे वजन तोलू शकत नाही. बाजूला असेल तर दिशा बदलू शकतो, पण क्षणापुरतीच. तळवा खाली गेला आणि चेंडूचे वजन हातावर आले की गुरुत्वाकर्षणाचे काम थांबले, जोखीम संपली, आणि अडवणाऱ्याची संधीही गेली. त्या क्षणी हात बाजूला घेतला असता तर चेंडू कुठे गेला असता, असा प्रश्न पंचाने स्वतःला विचारावा. तो जिकडे निघाला होता तिकडेच गेला असता, तर ड्रिबल चालू आहे. हात हा एकच आधार उरला असेल आणि तो काढल्यावर चेंडू सरळ खाली पडला असता, तर ड्रिबल संपलेले आहे.

यावर प्रेक्षक संथ चित्रफीत दाखवतात. वेग कमी करून पाहिले तर जवळजवळ प्रत्येक क्रॉसओव्हरमध्ये हात चेंडूला चिकटलेला आणि थोडा खाली सरकलेला दिसतो, मग शिट्टी का नाही? कारण संथ चित्रफीत चेंडू हातात असल्याचा काळ ताणते, पण वजन तोलले गेले की नाही हे सांगत नाही. उलट वेगातला सलग प्रवाह तिथे तुटक वाटतो, आणि डोळ्याला थांबा नसलेल्या ठिकाणी थांबा दिसू लागतो. तसे म्हटले म्हणजे एनबीएतली ढिलाई मी योग्य ठरवतो असे नाही. तळवा सरळ आकाशाकडे करून प्रतिस्पर्ध्याचा पाय हलेपर्यंत चेंडू धरून ठेवायचा, मग निघायचे, ही चाल तिथे वर्षानुवर्षे सुटत आली. 2022-23 च्या हंगामाच्या सुरुवातीला तिथल्या पंचांनी कॅरीच्या शिट्ट्या वाढवल्या तेव्हा गहजब झाला, पण नियम नवा नव्हता. अडवणारा त्या थांब्यामुळे फसतो, ड्रिबल संपले समजून एक पाऊल पुढे येतो. हा फायदा ड्रिबलच्या कौशल्याचा नाही, ड्रिबल थांबवल्याचा आहे.

ड्रिबल संपण्याचा क्षण आणखी एका कामाला लागतो: पावलांची मोजणी तिथून सुरू होते. फिबाने ऑक्टोबर 2017 पासून असे ठरवले की चालत्या खेळाडूने चेंडू ताब्यात घेतला त्या क्षणी जमिनीवर असलेले पाऊल मोजायचे नाही. त्यानंतर दोन पावले मिळतात. एनबीएने 2019-20 च्या हंगामापासून ‘गॅदर’ची व्याख्याच नियमपुस्तकात घातली. दोन हात चेंडूवर आले, किंवा हात खाली जाऊन चेंडू थबकला, किंवा तो धरणे, हात बदलणे, पास देणे, फेकणे वा अंगाशी कवटाळणे शक्य होईल इतका ताबा आला, की गॅदर झाला. त्यामुळे हा क्षण पंचाने अर्ध्या पावलाने लवकर धरला तर कायदेशीर ले-अपवर ट्रॅव्हलिंग देतो, उशिरा धरला तर तीन-चार पावले सोडून देतो. फेब्रुवारी 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या ब्रॅडली बीलने डेट्रॉइटविरुद्ध केलेली चाल गाजली ती याच कारणाने. शिट्टी वाजली नाही, आणि पंचांच्या संघटनेने खुलासा केला की त्याने उजवे पाऊल जमिनीवर असताना चेंडू गोळा केला, दोन वैध पावले टाकली, मग ताबा सुटला, त्यामुळे चाल वैध होती. अनेकांना तो खुलासा पटला नाही. त्यामागचे तत्त्व मला मान्य आहे. ताबा खरोखर सुटला असेल तर आधीची मोजणी तिथे थांबते. पण त्यावरून ड्रिबलही परत मिळते असे समजणे चूक ठरेल. स्वेच्छेने संपवलेले ड्रिबल केवळ चेंडू निसटला म्हणून परत मिळत नाही, हे फिबाच्या पुस्तकात आहे आणि एनबीएच्याही. ताबा सुटल्याच्या एका निर्णयातून दोन सवलती काढता येत नाहीत.

मग हे सगळे पंचाच्या निर्णयावर सोडण्याऐवजी यांत्रिक नियम का करू नये, असा शेवटचा आणि सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. हात चेंडूच्या मध्यरेषेखाली गेला की शिट्टी; चेंडू सुटला, कसाही सुटला, की डबल. दोन पंचांचे निकाल मग वेगळे येणार नाहीत. ही मागणी चुकीची म्हणता येणार नाही, आणि जिथे शक्य होते तिथे नियमाने ती पुरी केलीच आहे. दोन हात एकाच वेळी लागले की ड्रिबल संपले, यात पंचाच्या मताला जागा नाही. पण त्यापलीकडे कात्री लावली की खेळच कापला जातो. 1927 मध्ये अमेरिकेतल्या संयुक्त नियम समितीने ड्रिबल एका टप्प्यापुरतेच ठेवायचे ठरवले होते. अगदी सोपा, मोजता येणारा नियम. वाद उरलाच नसता. फॉग ॲलन आणि इतर प्रशिक्षकांनी कडाडून विरोध केला, निर्णय मागे घ्यावा लागला, आणि त्याच लढ्यातून प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मध्यरेषेचा नियम आजची हेझिटेशनची, म्हणजे क्षणभर रेंगाळल्याचा भास देणारी चाल, पाठीमागून नेलेला चेंडू, वेगात वळण घेणे, सगळेच मारून टाकेल. आणि सुटलेल्या प्रत्येक चेंडूला डबल म्हटले तर खेळाडूला दुर्दैवाची शिक्षा होईल. व्हिडिओचा आधार घ्यावा तर तोही नाही: फिबाच्या व्हिडिओ तपासणीत डबल ड्रिबल आणि ट्रॅव्हलिंग येत नाहीत, आणि एनबीएतल्या प्रशिक्षकाच्या आव्हानातही येत नाहीत. म्हणून निर्णय माणसाचाच राहतो, आणि एकसारखेपणा आणायचा तर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारण्यातूनच तो येईल.

महाराष्ट्रातल्या खेळाडूंसाठी हे अधिकच खरे आहे. मुंबईतल्या नागपाड्यापासून तालुक्याच्या शाळांपर्यंत जिथे जिथे बास्केटबॉल खेळला जातो तिथे सामना फिबाच्या नियमांनी होतो, पण मुलांनी चाली शिकलेल्या असतात मोबाइलवर एनबीए बघून. तळवा वर करून थांबणे तिकडे सुटते म्हणून ते इथे करतात, शिट्टी वाजली की पंचाला नियम माहीत नाही असे म्हणतात. उलट स्वतःची हुकलेली फेक झेलणे इथे चालते हे त्यांना ठाऊक नसते आणि ते हात आखडतात. प्रशिक्षकांनी निदान फंबल, हुकलेली फेक आणि कॅरी एवढे तीन प्रसंग सरावात प्रत्यक्ष करून दाखवावेत. आणि पंचांनी जागेकडे लक्ष द्यावे. दोन पंचांच्या सामन्यात चेंडू पुढे नेणाऱ्याच्या मागे राहणाऱ्या पंचाला नेमके त्याचे शरीरच आडवे येते. दोन पावले बाजूला सरकून हात आणि चेंडू यांच्यामधली फट दिसेल अशी जागा घेतली तर वजन कुठे आहे हे कळते. अगदी पाठीमागून कॅरीचा फक्त अंदाज येतो, आणि अंदाजावर ती शिट्टी वाजवू नये.